व्हॅक्यूम क्लिनर धूळ खेचत नाही: मुलांना हे कसं शिकवावं

मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीत दर शनिवारी दुपारी मी पडवीत मुलांना जमवते. पाचवी ते आठवीतली दहा-बारा मुलं येतात. गणपतीआधीच्या साफसफाईसाठी भावाने मुंबईहून व्हॅक्यूम क्लिनर पाठवला, तेव्हा मी तो उत्साहाने मुलांसमोर उघडला. भाग दाखवले, नावं सांगितली, फळ्यावर आकृती काढली. शेवटी विचारलं, धूळ आत कशी जाते? सगळी एका सुरात म्हणाली, "मशीन खेचता."

तासभर बोलूनही मूळ गोष्ट जागची हलली नव्हती. यंत्र काहीच खेचत नाही. यंत्र आपल्या पोटातल्या हवेचा दाब थोडा कमी करतं, आणि बाहेरची हवा धूळ घेऊन स्वतः आत घुसते. हे कळलं की शहाळ्यातली नळी, विहिरीवरचा पंप, इंजेक्शनची सिरिंज, सगळं एकाच वेळी कळतं. म्हणून मी क्रम बदलला, दोन वर्षांत तीन गटांना वेगवेगळ्या पद्धतीने शिकवून पाहिलं. ज्या क्रमाने ते मुलांना खरंच समजलं, तो इथे देते. तीन शनिवार पुरतात. एकाच दुपारी सगळं उरकायला जाऊ नका.

आधी जमवायचं साहित्य

- एक शहाळं, कागदी किंवा प्लॅस्टिकच्या नळ्या
- काचेची रिकामी बाटली, मळलेली कणीक
- काचेचा पेला, जुनी जाड लग्नपत्रिका
- गवंडी लेव्हल बघायला वापरतात तशी पारदर्शक नळी, तीन मीटर, कोरी
- कोकम सरबत
- एक लिटरची थंड पेयाची प्लॅस्टिक बाटली, अॅल्युमिनियमचा रिकामा कॅन
- खेळण्यातली छोटी मोटर, ३ ते ६ व्होल्टची. मोडक्या रिमोटच्या गाडीतली चालते
- पेन्सिल सेल चार, सेल बसवायची डबी, दोन वायरी, एक बटण
- मलमलचा तुकडा, चिकटपट्टी, उदबत्ती
- भाताचं तूस, कागदाचे बारीक तुकडे, अंगणातली जांभ्याची धूळ, किनाऱ्यावरची कोरडी वाळू

खऱ्या व्हॅक्यूम क्लिनरची गरज तिसऱ्या शनिवारी लागते. तुमच्याकडे नसेल तर एका दिवसापुरता कुणाकडून मागून आणा. तोही मिळाला नाही तर पायरी ६ सोडा, बाकीचं अडत नाही.

१. यंत्र कपाटात ठेवा, शहाळं आणा

आमच्याकडे शहाळ्याला आडसर म्हणतात. कोयत्याने छोटं भोक पाडा, नळी घाला, एका मुलाला प्यायला द्या. आता त्याच्या तोंडात दोन नळ्या द्या: एक शहाळ्यात, दुसरी शहाळ्याबाहेर हवेत लोंबती. सांगा, पी. गाल आत जातात, चेहरा लाल होतो, पण पाणी काही वर चढत नाही. दुसरी नळी बोटाने दाबा, की लगेच येतं.

लगेच कारण सांगू नका. पुढचा प्रयोग करा. काचेची बाटली पाण्याने भरा, तोंडात नळी घाला आणि नळीभोवती कणीक घट्ट लिंपा, जराही फट नको. पहिला घोट मिळतो, दुसऱ्याला अडतं. "बाई, पाणी येनाच नाय!" हे ऐकायला मिळालं की कणकेला काडीने भोक पाडा. हवा आत शिरल्याचा बारीक आवाज येतो आणि पाणी वर चढतं. आता विचारा: तोंडाचा जोर तोच, नळी तीच, मग मघाशी काय कमी होतं?

आमच्या दुसऱ्या गटात एक सहावीतली मुलगी बराच वेळ त्या भोकाकडे बघत बसली आणि म्हणाली, "हवा ढकलता पाण्याक." त्या दिवशी मी पुढचं काहीच शिकवलं नाही. तिलाच सगळ्यांना समजावून सांगायला लावलं.

इथे एक चूक हमखास होते: प्लॅस्टिकची बाटली घेतली जाते. ती आत चेपते आणि त्यामुळे पाणी येतच राहतं. बाटली काचेचीच हवी. प्लॅस्टिकची नंतर मुद्दाम दाखवा, कारण ती कोण चेपतंय हा प्रश्न फार मोलाचा आहे.

२. हवेला वजन आहे हे अंगाला कळू द्या

पेला पाण्याने काठोकाठ भरा, वर लग्नपत्रिका ठेवा, तळहाताने धरून उलटा करा आणि हात काढा. पत्रिका पडत नाही. खालून हवा तिला दाबून धरते. पेल्यातलं पाणी जेमतेम पाव किलो. हवेचा दाब समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो वजनाएवढा. मुलाचा तळहात साठ चौरस सेंटिमीटर धरला तर त्यावर साठ किलो. तांदळाच्या पोत्याहून जास्त! मग हात खाली का जात नाही? खालूनही हवा तेवढ्याच जोराने दाबते म्हणून. या "दोन्ही बाजूंनी" वर वेळ काढा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

किनाऱ्यावरच्या मुलांना हे समजायला एक सोय आहे. विहिरीत सूर मारून तळ गाठणारी दोन-तीन मुलं प्रत्येक गटात असतातच. खाली गेल्यावर कान दुखतात हे त्यांना माहीत असतं. वरच्या पाण्याचं वजन कानावर येतं. टोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४४ साली एका पत्रात लिहिलं होतं की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. हे वाक्य मी मुलांना समुद्राकडे तोंड करून बसवून सांगते. वरच्या हवेचं वजन आपल्यावर आहे, जन्मापासून आहे, म्हणून जाणवत नाही.

३. विहिरीवरच्या पंपाशी गाठ घाला

गवंड्याच्या नळीचं एक टोक कोकम सरबताच्या भांड्यात सोडा, दुसरं मुलाच्या तोंडात द्या. मूल जमिनीवर, मग पायरीवर, मग ओटीवर. सरबताचा लाल रंग नळीतून चढताना स्पष्ट दिसतो. आमच्या बहुतेक मुलांनी दीड मीटरपर्यंत चढवलं, पुढे दम लागला. प्रत्येकाची उंची खडूने खांबावर लिहून ठेवा. नळी प्रत्येक वेळी धुऊन घ्या.

आता विचारा: खूप दमदार माणूस असेल तर किती चढवेल? मुलं पन्नास मीटर, शंभर मीटर म्हणतात. उत्तर आहे सुमारे १०.३ मीटर, आणि त्यापुढे जगातला कुठलाही पंप वरून पाणी चढवू शकत नाही. कारण पाणी वर ढकलणारी आहे हवा, आणि तिची ताकद तेवढीच. सतराव्या शतकात इटलीतल्या पंपांनाही ही हद्द आडवी आली होती. टोरिचेल्लीने १६४३ च्या सुमारास पाऱ्याची नळी उलटी करून त्याचा उलगडा केला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून तो ७६ सेंटिमीटरवरच थांबतो.

प्रत्यक्षात विहिरीच्या काठावरचा पंप सात मीटरच्या आसपासच हात टेकतो. एप्रिल-मे मध्ये पाणी खाली गेलं की आपल्याकडे मोटर दोरखंडाने विहिरीच्या आतल्या टप्प्यावर उतरवतात, ती यासाठी. मुलांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं, कारण मात्र कुणी सांगितलेलं नसतं. एका मुलाने घरी जाऊन आजोबांना सांगितलं, आणि आजोबा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. त्यांनी आयुष्यभर मोटर उतरवली होती. आम्ही दोघं बराच वेळ पंपावर बोलत बसलो.

४. बाटलीचा व्हॅक्यूम क्लिनर बनवा

दुसरा शनिवार पूर्ण याला ठेवा. कापाकापी मोठ्यांनी करायची, जुळणी मुलांनी.

बाटली तळापासून एक तृतीयांश उंचीवर कापा. खालचा भाग म्हणजे मोटरची खोली, वरचा भाग म्हणजे धुळीची खोली, बाटलीचं तोंड म्हणजे यंत्राचं तोंड. मोटर तळाला आतून घट्ट बसवा, दांडा वरच्या दिशेला. वायरी तळातून बाहेर काढा.

पंखा अॅल्युमिनियमच्या कॅनमधून कापा. बाटलीच्या आतल्या व्यासाहून चार-पाच मिलिमीटर लहान गोल घ्या, कडेपासून मध्याकडे आठ चिरा द्या, मधला रुपयाएवढा भाग अखंड ठेवा. प्रत्येक पातं एकाच बाजूला सारखं पिळा. कडांना पातळ चिकटपट्टी लावा, पत्रा बोट कापतो. भोक अगदी मध्यावर पाडा. एवढंसं सरकलं तरी पंखा थरथरतो आणि बाटलीला घासतो. आमचे पहिले तीन पंखे असेच फुकट गेले, म्हणून एका कॅनमधून दोन-तीन पंखे आधीच कापून ठेवा.

पंख्याच्या वर मलमल ताणून बसवा, मग बाटलीचा वरचा भाग त्यावर सरकवून सांधा चिकटपट्टीने बंद करा. हवेचा रस्ता असा होतो: तोंड, धुळीची खोली, मलमल, पंखा, मोटर, तळातली भोकं.

त्या भोकांबद्दल नीट सांगते, कारण पहिल्यांदा करणाऱ्यांचं यंत्र बहुधा इथेच अडतं. मुलं तळाला चार बारीक भोकं पाडतात आणि यंत्र काही उचलत नाही म्हणून हिरमुसतात. जेवढी हवा आत यायला हवी तेवढी बाहेर पडायला वाट हवी. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास साधारण २२ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३.८ चौरस सेंटिमीटर. सहा मिलिमीटरच्या एका भोकाचं क्षेत्रफळ ०.२८. म्हणजे निदान १४ भोकं हवीत, वीस पाडलीत तर उत्तम. पकडीत धरलेल्या तापल्या खिळ्याने ती पटकन पडतात. हा हिशेब सातवी-आठवीच्या मुलांना स्वतः करू द्या. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून त्यांना काही मिळतं असा प्रसंग रोज येत नाही.

चार सेल ओळीने जोडले की ६ व्होल्ट मिळतात. ९ व्होल्टचा चौकोनी सेल आणू नका, तो मोटरला लागेल एवढा करंट फार वेळ देऊ शकत नाही आणि काही मिनिटांत मरगळतो. घरातल्या प्लगशी या यंत्राचा कसलाही संबंध येऊ देऊ नका, मोबाईलच्या चार्जरची वायर कापूनसुद्धा नाही.

बटण दाबा आणि तोंडापाशी कागदाची चिंधी धरा. ती बाहेर उडाली तर मोटर उलटी फिरतेय, वायरींची अदलाबदल करा. पंखा उघडा असताना मोटर कधीच चालवू नका, सुटलेलं पातं थेट डोळ्याकडे जातं.

आता उदबत्ती. दाराखिडक्या लावा, छताचा पंखा बंद, आणि पेटलेली उदबत्ती बाटलीच्या सांध्याभोवती चार बोटं अंतर ठेवून हळूहळू फिरवा. धुराची रेघ सरळ वर जात असते. एखाद्या ठिकाणी ती वाकते, बारीक होते आणि सांध्यात शिरते. तिथे फट आहे. तिथून हवा आत घुसतेय, आणि तेवढी तोंडातून यायची कमी झाली. चिकटपट्टी लावा, पुन्हा फिरवा. सगळ्या फटी बुजल्या की उदबत्ती तोंडापाशी न्या. धूर वळून आत जातो, पारदर्शक बाटलीत गोल फिरतो, मलमलमधून पार होतो आणि तळातून बाहेर येतो. हवेचा रस्ता मुलांना डोळ्यांनी दिसतो. मला स्वतःलाही तो पहिल्यांदा तेव्हाच दिसला.

५. काय उचलतं, काय उचलत नाही

चार ढीग करा: कागद, तूस, जांभ्याची धूळ, वाळू. प्रत्येकाबद्दल मुलांचा अंदाज आधी वहीत लिहून घ्या, मग यंत्र लावा. कागद आणि तूस झटक्यात जातं. वाळू जागची हलत नाही. वाळूचा कण तुसाहून कितीतरी बारीक, तरीही.

इथे भात वारवण्याची आठवण करून द्या. सुपातून धार सोडली की दाणा पायाशी पडतो आणि फोलपट वाऱ्याबरोबर जातं. वाऱ्याला धरायला अंग मोठं आणि वजन कमी, तर वस्तू उडते. आपल्या यंत्रातही धूळ नेणारा वाराच आहे, फक्त तो आपण दाब कमी करून बोलावला आहे.

याच ढिगांवर आणखी एक करा. मुलाला हात लांब करून तळहातावर फुंकर मारायला सांगा, ती जाणवते. आता तेवढ्याच अंतरावरून हवा आत ओढायला सांगा. तळहाताला काही कळत नाही. फुंकर एका दिशेने धारेसारखी जाते, पण आत येणारी हवा चहूबाजूंनी येते, म्हणून तिचा वेग तोंडापासून जरा दूर गेलं की पडतो. नळीच्या व्यासाएवढ्या अंतरावर तो जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून यंत्राचं तोंड जमिनीला टेकवावं लागतं. मुलांना बाटली बोटभर उचलून पाहू द्या, फरक लगेच कळतो.

मलमल काढून एकदा यंत्र चालवा, पण अंगणात. धूळ मागून सगळीच्या सगळी बाहेर येते. गाळणीचं काम सांगायला याहून जास्त बोलावं लागत नाही. हवेला जाऊ द्यायचं आणि धुळीला अडवायचं ही या यंत्राची निम्मी कारागिरी आहे. चांगल्या यंत्रातली हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणही १०० पैकी ९९.९७ अडवते. मात्र भोकं बारीक म्हणजे लवकर बुजणार, आणि बुजली की हवा अडणार. पिशवीऐवजी सायक्लोन असलेल्या यंत्रात हवा उलट्या शंकूत गरगर फिरते, धूळ भिंतीवर आदळून खाली सरकते आणि हवा मधून वर निघते. तसाच पत्र्याचा मोठा शंकू अनेक भातगिरण्यांच्या मागे तुसासाठी लावलेला असतो. जवळ असेल तर मुलांना घेऊन जा, गिरणीवाले आनंदाने दाखवतात.

६. आता खरं यंत्र बाहेर काढा

प्लग काढलेला असताना धुळीचा डबा आणि गाळणी उघडा. मोटरचं झाकण उघडायचं नाही. मुलांना फक्त एवढं सांगा: आपल्या बाटलीतला कुठला भाग इथे कुठे आहे ते शोधा. पहिल्या वेळी मी जे तासभर बोलले होते, ते या वेळी मुलांनीच काही मिनिटांत सांगितलं.

मग यंत्र चालू करायच्या आधी हा प्रश्न विचारा: नळीचं तोंड हाताने बंद केलं तर मोटरचा आवाज चढेल की उतरेल? जवळजवळ सगळे म्हणतात उतरेल, मोटरला जड जाईल म्हणून. करून बघा. आवाज चढतो. पंख्याचं काम हवा पुढे फेकणं. नवी हवा येणंच थांबलं, तर पंखा आतली तीच हवा घोळवत राहतो, त्याचं ओझं हलकं होतं आणि तो जास्त वेगाने फिरतो. पण मोटरला थंड ठेवणारी हवाही तीच असते, म्हणून दहा सेकंदांच्या वर दाबून धरू नका. मोटर तापते.

मोठ्या मुलांना हा हिशेब द्या. घरगुती यंत्र तोंड बंद केल्यावर आतला दाब साधारण पाचव्या हिश्श्याने कमी करू शकतं. म्हणजे आत "व्हॅक्यूम" नसतोच, चार हिस्से हवा तशीच असते. दाबाचा फरक दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० ग्रॅम. नळीचा व्यास ३.२ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ आठ चौरस सेंटिमीटर, म्हणून तळहात १.६ किलोच्या जोराने चिकटतो. ताणकाटा असेल तर तोंडावर जाड पुठ्ठा चिकटवून ओढून मोजा.

गवंड्याची नळी यू आकारात वाकवून पाणी भरा आणि बाटलीच्या यंत्राला जोडा: पातळीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. खऱ्या यंत्राचा फरक दोन मीटर पाण्याएवढा असू शकतो. तो मात्र नळीने मोजायला जाऊ नका, पाणी थेट मोटरमध्ये जाईल.

या पायरीवरच्या धोक्यांची यादी मी पडवीच्या भिंतीवर लावली आहे:

- डोळा, कान, तोंड, मोकळे केस यांच्याजवळ नळी न्यायची नाही.
- ओलं काही उचलायचं नाही. ओल्या-सुक्या दोन्हींसाठी बनवलेलं यंत्र वेगळं असतं.
- चुलीची किंवा उदबत्तीची राख उचलायची नाही. आत एखादी ठिणगी जिवंत असते आणि वारा मिळाला की पिशवी पेटते.
- रांगोळी उचलायची नाही, गाळणी कायमची बुजते.

७. गोष्ट शेवटी सांगा

इतिहास आधी सांगितला तर मुलं नावं पाठ करतात. यंत्र हाताखालून गेल्यावर तीच गोष्ट त्यांना वेगळी ऐकू येते. लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने हवा फुंकून धूळ उडवणारं यंत्र पाहिलं. धूळ उडून पुन्हा तिथेच बसत होती. त्याने एका हॉटेलातल्या गादीच्या खुर्चीवर रुमाल ठेवून, त्यावर तोंड लावून हवा ओढून पाहिली आणि त्याला ठसका लागला, पण रुमालावर धूळ जमली. १९०१ साली त्याने यंत्र बनवलं. ते घोडागाडीवरून यायचं, रस्त्यावर उभं राहायचं आणि त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून घरात जायच्या. अमेरिकेत ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँग्लर हा झाडलोट करणारा माणूस दम्याने बेजार होता. त्याने पंख्याची मोटर, झाडूची दांडी आणि उशीचा अभ्रा जोडून हातात धरता येईल असं यंत्र केलं आणि १९०८ मध्ये पेटंट मिळवलं. आमच्या मुलांनी लगेच ओळखलं की अभ्रा म्हणजे आपली मलमल.

कधी करावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भातकापणी झालेली असते, तूस ताजं मिळतं आणि धूळ कोरडी असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत धूळ दमट होऊन एकमेकींना चिकटते, मलमल आंबते आणि यंत्र नीट बनवूनही चालत नाही. मूल समजतं आपलंच चुकलं.

काम झाल्यावर सेल डबीतून काढून ठेवा. खाऱ्या हवेत टोकांवर हिरवा थर चढतो आणि पुढच्या वर्षी मोटर फिरत नाही. तसं झालं तर टोकं सॅंडपेपरने घासा, दांड्यावर मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाका आणि हाताने दोन-चार फेरे देऊन मग सेल लावा.